हळू चालणाऱ्या मुलाची पिशवी



आपल्या पत्रिकेत बहुधा गावाकडच्या आठवणी, सणवार, लग्नकार्ये आणि गेलेल्या माणसांची माहिती येते. मी या वेळी अशा एका गृहस्थांविषयी लिहिते आहे, जे कोकणातले नव्हते, आपल्या समाजातले नव्हते, आणि ज्यांचा धंदा म्हणजे दुसऱ्यांना धंदा कसा करावा ते सांगणे. नाव एलियाहू मोशे गोल्डरात. एलियाहू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मलिद्याचे ताट येते. पण हे एलियाहू पदार्थविज्ञान शिकलेले डॉक्टर. डोक्यावर किप्पा, हातात चिरूट, आणि समोर मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब वह्या उघडून बसलेले.

निवृत्त सिस्टरबाईंना कारखान्याच्या शास्त्राचे काय पडले आहे, असे कोणी विचारील. सांगते. १९९० नंतरची गोष्ट. माझा मोठा मुलगा सैन्यातून सुटून बेर शेवाला कारखान्यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण घेत होता. त्याला एक कादंबरी अभ्यासाला लावली होती. कादंबरी, अभ्यासाला! आमच्या वेळी शाळेत दप्तरात कादंबरी सापडली तर बाई ती जप्त करायच्या, वर वडिलांना चिठ्ठी. हिब्रूत तिचे नाव ‘हमतारा’, इंग्रजीत ‘द गोल’, म्हणजे आपल्या मराठीत उद्दिष्ट किंवा ध्येय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडली होती म्हणून मी उघडली. माझे हिब्रू वाचन कधीच फार वेगवान नव्हते, तरी चार रात्रींत संपवली. मुलाला नवल वाटले. मला वाटले नाही, कारण त्यात लिहिलेला कारखाना मी रोज पाहत होते. फक्त आम्ही त्याला ऑपरेशन थिएटर म्हणत होतो.

पण आधी माणसाविषयी. गोल्डरात यांचा जन्म ३१ मार्च १९४७ चा, म्हणजे आपल्या इस्राएल देशाहून ते एका वर्षाने मोठे. पहिली पदवी तेल अवीव विद्यापीठाची, पुढचे शिक्षण व डॉक्टरेट बार इलान विद्यापीठाची. कारखान्याशी संबंध काही नाही. सत्तरच्या दशकात त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने मदत मागितली. त्याचा कारखाना होता कोंबड्यांची खुराडी बनवण्याचा. हसू नका, मोशावात राहिलेल्यांना खुराड्याची किंमत माहीत आहे. माल वेळेवर निघेना, काम मात्र सगळे दिवसभर करत होते. गोल्डरात यांनी एखादे गणित सोडवावे तसा तो प्रश्न घेतला. कोणत्या यंत्रावर कोणते काम केव्हा घ्यावे याचे वेळापत्रक बसवण्याची रीत शोधली. खुराडी पूर्वीच्या कितीतरी पटीने निघू लागली, तीही माणसे न वाढवता. त्या रितीतून संगणकाचा एक कार्यक्रम तयार झाला आणि १९८० च्या आसपास तो अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांना विकला जाऊ लागला. आत गणित काय आहे ते मात्र गुपित. यावर विद्वानांनी पुष्कळ नाके मुरडली.

त्यांच्या शोधाचे सार काय, ते बाळांनो, तुम्हाला तुमच्या आजी-आजोबांकडून समजेल. त्यांना विचारा, आपल्या लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ का म्हणत? आपले पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून. आता घाणा डोळ्यांपुढे आणा. बैल एक, घाणा एक. तुम्ही दाराशी तिळाची दहा पोती आणून टाका, बाहेर तेलाचे बुधले पुसून रांगेत मांडून ठेवा, पोरांना हाका मारून मारून घाम गाळायला लावा. तेल किती निघणार? घाण्यातून निघेल तेवढेच. घाणा तासभर थांबला तर घराचा तास गेला. पोती वाहणारा पोरगा तासभर झोपला तर काहीच गेले नाही, कारण पोती तशीही दाराशी पडून आहेत.

बस्स, एवढेच आहे. कामाच्या प्रत्येक साखळीत एखादीच कडी कमजोर असते, आणि सगळ्या कामाचा वेग तीच ठरवते. हिब्रूत तिला ‘त्सवार बकबूक’ म्हणतात, बाटलीचा गळा. गोल्डरात म्हणत, आधी तो गळा शोधा. मग आहे त्याच गळ्याचा पुरेपूर उपयोग करा, त्याला एक मिनिट रिकामा ठेवू नका. बाकी सगळ्यांनी आपला वेग त्याच्या वेगाला बांधून घ्या, पुढे पळू नका. एवढे करून भागले नाही तरच पैसे खर्चून गळा रुंद करा. आणि तो रुंद झाला की स्वस्थ बसू नका, कारण आता गळा दुसरीकडे कुठेतरी तयार झालेला असतो. ऐकायला सोपे. पण बहुतेक साहेब लोक सुरुवातच चौथ्या पायरीपासून करतात. नवे यंत्र मागवा, नवी इमारत बांधा!

हे सगळे त्यांनी गोष्टीत घातले. १९८४ साली जेफ कॉक्स नावाच्या लेखकाबरोबर ‘द गोल’ लिहिली. मोठ्या प्रकाशकांना ती नको होती. कारखान्याची कादंबरी कोण वाचणार? नॉर्थ रिव्हर प्रेस नावाच्या एका छोट्या प्रकाशनाने छापली, आणि पुढे तिच्या लाखो प्रती खपल्या. २०११ साली अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने व्यवस्थापनावरच्या सर्वांत प्रभावी पंचवीस पुस्तकांची यादी केली, तीत ही होती. कथानायक ॲलेक्स रोगो हा एका कारखान्याचा मुख्य. वरून हुकूम आला आहे, तीन महिन्यांत कारखाना सुधार, नाहीतर कुलूप. घरी बायको कंटाळून माहेरी निघून गेलेली. त्याला वाट दाखवायला येतो योना नावाचा एक चिरूट ओढणारा शास्त्रज्ञ. तो उत्तर कधी देत नाही, नुसते प्रश्न विचारतो. योना म्हणजे गोल्डरात स्वतः, हे कोणीही ओळखील.

मुलांनो, आता तुमच्यासाठी त्यातला माझा आवडता भाग. ॲलेक्स आपल्या मुलाच्या स्काउट पथकाला घेऊन डोंगरात दहा मैलांच्या पदयात्रेला जातो. एकामागून एक अशी मुलांची रांग. पुढची मुले भराभर चालतात, मागची मागे राहतात, रांग लांबत जाते, पुढच्यांना थांबावे लागते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचे आहे, पण गणित काही जमत नाही. रांगेत हर्बी नावाचा एक जाडा मुलगा आहे. तो धापा टाकत चालतो आणि त्याच्यामागची सगळी मुले त्याच्यावर चिडलेली. ॲलेक्स काय करतो? सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावतो आणि रांगच उलटी फिरवतो, म्हणजे हर्बी सगळ्यांच्या पुढे येतो. आता रांग तुटत नाही, कोणी मागे राहत नाही. पण चाल हर्बीचीच. मुले पुन्हा कुरकुरतात. तेव्हा ॲलेक्स हर्बीची पिशवी हातात घेतो, आणि त्याला ती उचलवत नाही! आत सोड्याचे डबे, खाऊचे डबे, लोणच्याची बरणी आणि भलीमोठी लोखंडी कढई. सगळे सामान मुलांमध्ये वाटून देतात. हर्बी हलका होतो आणि सगळी रांग जवळजवळ पळत मुक्कामाला पोहोचते.

हर्बीला आतापर्यंत सगळे ओरडत होते, त्याच्या पिशवीत काय आहे ते कोणी पाहिले नव्हते. या पानावर मी पुस्तक पालथे ठेवले आणि बराच वेळ तशीच बसले.

कारण आमच्याकडेही एक हर्बी होता. त्या वेळी मी दक्षिणेकडच्या एका इस्पितळात थिएटर सिस्टर होते. (हिब्रूत नर्सला ‘अखोत’ म्हणतात, म्हणजे बहीण, म्हणजे पुन्हा सिस्टरच. मुंबई सोडून आले तरी हाक तीच राहिली.) आमच्या थिएटरमागे एक खोली होती, तिथे हत्यारे निर्जंतुक करण्याचे ऑटोक्लेव्ह यंत्र. हत्यारांचा संच धुऊन, पुसून, कापडात बांधून आत ठेवायचा, १३४ अंशांची वाफ द्यायची. वाफ काही मिनिटांचीच, पण तापणे, हवा काढणे, वाळणे, निवणे धरून तास सहज जातो. त्यात घाई चालत नाही. घाई केली तर रोग्याच्या अंगात जंतू शिवून टाकाल.

हे यंत्र सांभाळायला एकच गृहस्थ होते. युक्रेनहून आलेले, साठीला टेकलेले. तिकडे शाळेत गणित शिकवत असत. इकडे मिळाली ती नोकरी धरली, जशी आपल्यापैकी कितीतरी जणांनी धरली. हिब्रू जेमतेम. डॉक्टर थिएटरमधून ओरडत, सेट कुठे आहे? ते दोन्ही हात वर करीत. नवीन देशात भाषा तोंडात नसताना उलट उत्तर देता येत नाही हे आपल्या लोकांना मी काय सांगायचे! फार मंद माणूस आहे, महिनाअखेर दुसरा आणू, असे वरच्या लोकांत ठरत आले होते.

त्याच आठवड्यात आपल्या समाजातल्या एक मावशी दाखल झाल्या. ऐंशीच्या घरातल्या, न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेला. मराठीखेरीज काही बोलता येईना. ऑपरेशनसाठी मध्यरात्रीपासून उपाशी ठेवलेल्या. सकाळी दहाची वेळ होती, मग बारा, मग दोन. दर वेळी आतून निरोप, हाडाच्या ऑपरेशनचा संच अजून निघाला नाही. मला पाहिले की म्हणायच्या, “बाय, घोटभर पाणी दे गं, तोंडाला कोरड पडली.” पाणी देता येत नव्हते. मी ओला कापूस ओठांवरून फिरवत होते. संध्याकाळी पाचला सांगितले, आज नाही, उद्या. त्यांना परत वॉर्डात नेले, जेवू घातले आणि मध्यरात्रीपासून पुन्हा उपास. असा मोडलेला खुबा शक्यतो दोन दिवसांच्या आत बसवावा असे आज सगळीकडे मानतात, कारण म्हातारे माणूस पडून राहिले की छातीत कफ, पाठीला जखमा आणि डोक्यात भ्रम सुरू होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचे ऑपरेशन झाले. पुढे त्या चालू लागल्या, पण वॉकर धरूनच.

पुस्तक वाचून झाल्यावर मी आठवडाभर एक साधे काम केले. यंत्राची घंटा केव्हा वाजली आणि दार केव्हा उघडले, एवढेच एका कागदाच्या पाठीवर लिहीत गेले. घंटा वाजून कधी वीस मिनिटे, कधी पाऊण तास यंत्र नुसते बंद दाराने उभे! गणिताचे मास्तर कुठे? त्यांना कोणी बाळंतिणींच्या वॉर्डात पेट्या पोचवायला पाठवलेले, कोणी धुण्याच्या खोलीतून चादरी आणायला. एकटा माणूस रिकामा दिसला की ज्याला त्याला त्याला काम सांगावेसे वाटते. शिवाय प्रत्येक विभाग आपल्या पेटीवर ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी लावी, त्यामुळे यंत्र अर्धेच भरून चालू करावे लागे. आणि कापडात बांधून, वाफ देऊन झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येई की चिमटा तुटका आहे. मग सगळा संच पुन्हा पहिल्यापासून.

कादंबरीतही अगदी हेच आहे. तिथे ऑटोक्लेव्हच्या जागी लोखंड तापवण्याची भट्टी. आत माल शिजून तयार, पण दार उघडायला माणूस नाही, कारण ‘रिकामा बसू नये’ म्हणून त्याला दुसरीकडे लावले आहे. मालाची तपासणी भट्टीनंतर होते, आधी नाही. मी वाचताना मोठ्याने हसले, तेव्हा मुलगा खोलीतून विचारायला आला की झाले काय.

आमच्या मुख्य सिस्टर शहाण्या बाई होत्या. त्यांनी माझा कागद पाहिला आणि कोणाशी वाद न घालता चार गोष्टी बदलल्या. मास्तरांना यंत्राजवळून हलवायचे नाही, पेट्या वाहायला वॉर्डबॉय. हत्यारे बांधायच्या आधी तपासायची. ‘तातडीचे’ म्हणजे आजच्या यादीवर नाव असलेल्या रोग्याचे, दुसरे काही नाही. आणि मास्तर जेवायला गेले की त्यांच्या जागी दुसऱ्या कोणीतरी उभे राहायचे. पैसा खर्च झाला नाही. काही आठवड्यांत, संच नाही म्हणून ऑपरेशन पुढे ढकलले असे क्वचितच होऊ लागले. मास्तर निवृत्तीच्या वयापर्यंत त्याच जागी राहिले. सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. मग अडू लागले ते ऑपरेशननंतर रोगी शुद्धीवर येईपर्यंत ठेवायच्या खोलीत, तिथे खाटा पुरेनात. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचा तुटवडा होता तो होताच. त्याला कागदाची पाठ पुरत नाही, त्याला पैसा लागतो.

आता माझे मत. गोल्डरात यांच्या पुस्तकात कारखान्याचे ध्येय स्पष्ट आहे, पैसा मिळवणे, आज आणि पुढेही. मोजमापे तीन. विक्रीतून आत किती आले, आत किती अडकून पडले आणि ते चालवायला किती खर्च झाला. कारखान्याला हे शोभते. इस्पितळात हे जसेच्या तसे उचलले तर घोटाळा होतो. रोगी म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे. त्याला वाट पाहताना भूक लागते, भीती वाटते, घरची आठवण येते. हे काही मीच म्हणते असे नाही. तेल अवीव विद्यापीठाचे प्राध्यापक बोआझ रोनेन यांनी जोसेफ प्लिस्किन आणि शिमोन पास यांच्याबरोबर २००६ साली आरोग्यसेवेसाठी वेगळे पुस्तक लिहिले. त्यात हीच हत्यारे दवाखान्याला जुळवून दिली आहेत. रोनेन यांचा एक विचार मला फार पटतो, ‘पूर्ण संच’. सगळे साहित्य हाताशी आल्याशिवाय काम सुरूच करू नये. आपल्या आयांना हे शिकवावे लागले नव्हते. वाटण, कोकम, मीठ, सगळे ताटात काढून ठेवल्याशिवाय त्या चूल पेटवीत नसत. इंग्लंडात ॲलेक्स नाइट यांनी तर २०१४ साली इस्पितळावरच अशी कादंबरी लिहिली.

पण एका बाबतीत गोल्डरात यांचे उपकार मी मानते. प्रत्येक माणूस सतत कामात दिसला पाहिजे, हा हट्ट त्यांनी मोडून काढला. घाण्यापेक्षा जास्त वेगाने पोती वाहिली तर फक्त ढीग वाढतो. ज्या जागेवर गळा नाही, तिथला माणूस मधूनमधून रिकामा राहणारच, आणि तसाच राहिला पाहिजे. नाहीतर अडचण आली की धावायला कोणीच उरत नाही. आमच्या पेशात रिकामी बसलेली सिस्टर दिसली की मेनाहेलच्या कपाळावर आठी पडते. ती सिस्टर एखाद्या घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून बसली असली तरी लांबून ती रिकामीच दिसते.

गोल्डरात यांच्या आयुष्याचा पुढचा भाग थोडक्यात सांगते, जरी त्यांच्या आयुष्यात थोडके काही नव्हते. कादंबरी बाजारात आली आणि एक गंमत झाली. ज्यांनी त्यांचा महागडा संगणक कार्यक्रम विकत घेतला होता त्यांच्यापेक्षा, थोड्या पैशांत कादंबरी वाचून आपल्याच डोक्याने बदल करणाऱ्यांना लवकर फळ मिळू लागले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दुकानदारानेच म्हणावे की माझा माल घेऊ नका, नुसती पाटी वाचा! कंपनीतल्या भागीदारांशी बिनसले आणि ते बाहेर पडले. १९८६ साली वडिलांच्या नावाने, अब्राहाम गोल्डरात यांच्या नावाने, त्यांनी संस्था काढली आणि यंत्राऐवजी विचार करायला शिकवू लागले. १९९४ च्या पुस्तकात भांडण सोडवण्याची हत्यारे आली, १९९७ च्या पुस्तकात मोठी कामे वेळेवर कशी संपवावीत हे. त्यात त्यांनी एका रोगाला नाव दिले, विद्यार्थ्यांचा रोग. कितीही दिवस द्या, अभ्यास शेवटच्या रात्रीच सुरू होणार. नातवंडांनो, माना खाली घालू नका, तुमच्या आईबापांनाही तो होता.

जपानची गोष्ट मला खटकते. कितीतरी वर्षे त्यांनी ‘द गोल’चे जपानी भाषांतर होऊच दिले नाही. जपानी लोक उत्पादनात आधीच पुढे, हे शास्त्रही हाती पडले तर जगाच्या व्यापाराचा तोल ढळेल असे त्यांना वाटे. अखेर २००१ साली परवानगी दिली आणि तिथे ते पुस्तक भराभर खपले. जगाचा काही प्रलय झाला नाही. मी नर्स आहे. औषध सापडले आणि अमुक लोकांना द्यायचे नाही, हे मला पटत नाही, मग कारण कितीही मोठे असो. पुढे २००८ साली त्यांनी मोकळेपणाने लिहिले की आपण हेन्री फोर्ड आणि टोयोटाचे ताइची ओनो यांच्या खांद्यांवर उभे आहोत. म्हणजे ज्यांना दार बंद केले त्यांच्यापैकीच एक त्यांचा गुरू निघाला.

भांडण सोडवण्याच्या त्यांच्या रितीला ‘विरणारा ढग’ म्हणतात. ती पुढे शाळांतल्या मुलांनाही शिकवू लागले. आमच्या घरचे उदाहरण देते. मी म्हणते, संध्याकाळी सहाला घरी ये. नातू म्हणतो, आठपर्यंत मैदानावर खेळतो. नुसते सहा आणि आठ घेऊन भांडत बसलो तर सात वाजता दोघेही नाराज. गोल्डरात विचारतात, सहा कशासाठी? तो सुखरूप आहे हे मला कळावे म्हणून. आठ कशासाठी? मित्र त्याच वेळी जमतात म्हणून. दोघांनाही घरात शांतता हवी आहेच. मग दोघांच्या मनात न बोललेली एक समजूत असते, ती शोधायची. माझी समजूत अशी की घरात असला तरच सुखरूप. आता मैदान आमच्या गच्चीतून दिसते. मी संध्याकाळी खुर्ची गच्चीत टाकते आणि वाल सोलते. ढग विरला. दर वेळी विरतोच असे नाही. माझ्या सुनेचा आणि माझा एक ढग वीस वर्षांचा आहे, तो या अंकात मावणार नाही.

शेवटच्या वर्षांत त्यांची मुलगी एफ्रात त्यांच्याबरोबर लिहू लागली. २००८ चे ‘द चॉइस’ हे पुस्तक बापलेकीच्या संवादाचेच आहे. ११ जून २०११ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, ते इस्राएलमध्ये आपल्या घरी वारले. माझ्या मुलाने फोन करून सांगितले तेव्हा मी सेवेत होते. थिएटरमध्ये तोपर्यंत नवी यंत्रे आली होती, एकाच्या जागी तीन, आणि अडण्याची जागा पुन्हा तिसरीकडेच गेली होती.

मुलांनो, त्या पदयात्रेत ॲलेक्स जेवणाच्या सुट्टीत मुलांना काड्या आणि फासा घेऊन एक खेळ खेळायला लावतो. काड्यांऐवजी आपण वाल घेऊ, म्हणजे घरात आग लागायची भीती नको. पाच जण ओळीत बसा, प्रत्येकापुढे रिकामी वाटी. पहिल्याच्या बाजूला वालांचा ढीग. पहिल्याने फासा टाकायचा, जितके पडतील तितके वाल आपल्या वाटीत घ्यायचे. दुसऱ्याने फासा टाकायचा आणि पहिल्याच्या वाटीतून तितके उचलायचे. वाटीत कमी असले तर आहेत तेवढेच. असे पाचव्यापर्यंत. पाचव्याने उचललेले वाल मोजून बाजूला ठेवायचे, तो तुमच्या कारखान्याचा माल. दहा फेऱ्या खेळा. फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे दहा फेऱ्यांत पस्तीस वाल निघायला हवेत असे वाटते. आमच्याकडे पेसहच्या सुट्टीत तीनदा खेळलो, पस्तीस एकदाही निघाले नाहीत. मधल्या वाट्यांत मात्र वाल साठून राहिले. चौथ्या जागेवर आमची सर्वांत धाकटी होती. तिला दोनदा एक पडला, तेव्हा बाकीचे तिच्यावर ओरडले आणि ती रुसून आत गेली. तिला परत बोलावून जागा बदलून खेळलो, तरी पस्तीस काही निघाले नाहीत.

तुमच्याकडे किती निघतात ते पत्रिकेच्या पत्त्यावर जरूर कळवा. आणि नंतर वाल आजीला परत द्या, आमटीला लागतात.